अंधारातली नळी

फॉइल उलगडलं तर नळीत पाणी.

म्हणजे पाण्यासारखं. सकाळी नऊ वाजता मी माझ्या हातानं त्या काचेच्या नळीत पिवळंधमक द्रावण भरलं होतं, हळद कालवल्यासारखं. चिमूटभर जांभळी भुकटी टाकली होती, बूच दाबून बसवलं होतं आणि वरून फॉइलचे दोन वेढे दिले होते. आता बारा वाजले होते आणि पिवळ्याचा मागमूस नव्हता.

"ही नाही," गौतमी म्हणाली. "अंधारातली द्या, मावशी."

"हीच अंधारातली."

"नाही हो. उजेडातली असणार. नीट बघा."

मी नीट बघितलं. उजेडातल्या पाच नळ्या दिव्याभोवती उभ्या होत्या, पाचही स्वच्छ. सहावी माझ्या एका हातात, फॉइल दुसऱ्या हातात. सकाळी माहेरी धाडलेली सून दुपारी दारात उभी दिसावी, तशा आम्ही दोघी त्या नळीकडे बघत राहिलो.

याला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. मी सांगलीतल्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. अजून आहे, फक्त आता गुडघे कुरकुरतात. शिक्षण दहावी. नवरा गेल्यावर त्याच्या जागी लागले, तेव्हा ॲसिड आणि अल्कली यांच्याबद्दल मला एवढंच ठाऊक होतं की दोन्हींनी साडीला भोक पडतं. पुढचं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून, पोरांनी टाकून दिलेली पुस्तकं घरी नेऊन आणि दिसेल त्याच्या खांद्यावरून डोकावून शिकले. कुणी हाकललं नाही. परिचर बाई खोलीत असली तरी नसल्यासारखीच असते, हा एक मोठा फायदा.

गौतमी मगदूम आमच्याकडे पीएच.डी. करत होती. जयसिंगपूरची मुलगी, काटकुळी, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर. तिचं काम सोन्यावर आहे हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात ऑफिसातला एकूणएक माणूस लॅबमध्ये चक्कर टाकून गेला आणि हिरमुसून परतला. सोन्याचे कण इतके बारीक केलेले की सोनं पिवळं राहिलंच नव्हतं, डाळिंबाच्या रसासारखं झालं होतं. पांढऱ्या भुकटीवर ते बसवलं की भुकटी जांभळी दिसायची. हे कण हिरवा उजेड पितात, असं गौतमी मला सांगायची, आणि प्यालेला उजेड शेजारच्या रेणूंना देतात. त्या जोरावर पिवळ्या द्रावणाचं दुसरंच काहीतरी होतं आणि रंग जातो. जे होतं ते डोकेदुखीच्या गोळीच्या एक पायरी अलीकडचं. कारखान्यात हेच करायला केवढा खटाटोप, आणि इथे नुसता दिवा. उद्या दिवाही नको, मावशी, गच्चीवर ऊन असलं की झालं, असं ती म्हणायची तेव्हा चष्मा हमखास घसरायचा.

आता उजेडानं रंग जातो असं म्हणायचं तर उजेड नसला की जात नाही, हेही दाखवावं लागतं. त्यासाठी सहावी नळी. तिला आम्ही अंधारातली नळी म्हणायचो. पाच नळ्या तीन तास दिव्याभोवती, सहावी तीन तास लोखंडी कपाटात. पाच पाण्यासारख्या व्हायच्या, सहावी पिवळी राहायची. पाच वर्षं तिनं हा नेम मोडला नव्हता. सगळा प्रबंध त्या एका पिवळ्या नळीवर उभा होता, आणि तो एकतीस मार्चला द्यायचा होता. मुदत एकदा वाढवून झाली होती. ही तारीख चुकली तर नोंदणी रद्द, मग पुन्हा पहिल्यापासून.

त्या दिवशी सतरा मार्च होता. तिचे मार्गदर्शक घैसास सर यांनी शेवटच्या आलेखासाठी तोच प्रयोग आणखी तीनदा करून मागितला होता, आणि नेमकी त्याच दिवशी डेडस्टॉकची, म्हणजे कॉलेजच्या सामानाची, तपासणी करणारी समिती आली. त्यांनी कपाटांना कागदी पट्ट्या चिकटवल्या, पट्ट्यांवर सह्या ठोकल्या आणि दोन दिवस हात लावायचा नाही म्हणून बजावलं. गौतमी हवालदिल झाली. मी म्हटलं, त्यात काय, फॉइल गुंडाळून दिव्याशेजारीच ठेवते. फॉइलमधून उजेड जातोय होय?

तर तो गेला होता, असं दिसत होतं.

गौतमीनं फॉइल खिडकीशी धरलं आणि भोक शोधलं. सापडलं नाही. मग मी नळ्यांची अदलाबदल केली असेल असं ती म्हणाली. मी बुचावरचा सहाचा आकडा दाखवला. मग धुताना नळीत काही राहिलं असेल. माझ्या धुण्याबद्दल शंका घेणारं त्या इमारतीत तोवर कुणी जन्मलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चार वेढे. बारा वाजता उलगडलं, पुन्हा पाणी.

तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. टेबलाच्या कडेला टेकून अगदी हळू आवाजात म्हणाली, "मावशी, पाच वर्षांत हे एकदाही झालं नाही. तुम्ही फॉइल लावताय तेव्हाच होतंय. माझे तेरा दिवस राहिलेत हो. इतका निष्काळजीपणा नका करू."

निष्काळजीपणा. आठ वर्षांत माझ्या हातून दोन ब्युरेट फुटले होते, त्यातला एक भूकंपात. मी फडकं उचललं आणि बाहेर जाऊन उगाच धुतलं.

तिसऱ्या दिवशी पट्ट्या निघाल्या. नळी कपाटात गेली आणि तीन तासांनी निघाली ती हळदीसारखी पिवळी. गौतमीनं सुस्कारा सोडला, मला चहा पाजला आणि म्हणाली, बघा, फॉइलच खराब होतं. पुढच्या दोन दिवसांत तिनं तीन वेळा प्रयोग केला, तिन्ही वेळा नळी पिवळी. आलेख झाला. विषय संपला.

तिचा संपला. माझा संपेना. फॉइल माझ्याच घरातलं होतं. त्याच गुंडाळीतलं मी पोराच्या डब्याला लावत होते. त्यातून उजेड शिरतो म्हणजे काय? मी संध्याकाळी घरी एक तुकडा बल्बवर धरून बघितला. पोरगा म्हणाला, आई, काय करतेस? म्हटलं, माझं मला कळत नाहीये.

खरंच कळत नव्हतं. अंधार तर दोन्हीकडे होता. फॉइलमध्ये अंधार, कपाटातही अंधार. मग एका अंधारात रंग जातो आणि दुसऱ्या अंधारात राहतो, असं कसं? भाकरी थापताना तेच, भांडी घासताना तेच. एकदा वाटलं, दिव्याला कळतं की काय नळी आपल्या जवळ आहे ते. असले विचार यायला लागले म्हणजे माणसानं झोपावं, म्हणून झोपले.

माझं माहेर सावळजचं. तिकडे द्राक्षांचे बेदाणे करतात. शहरातले लोक बघायला आले की हमखास फसतात. त्यांना वाटतं बेदाणा उन्हात वाळतो. तो वाळतो सावलीत, वर जाळी लावलेल्या शेडमध्ये, कारण थेट ऊन लागलं तर काळा पडतो. वाळवतो तो वारा, आणि शेडमध्ये कोंडलेली ऊब. लहानपणी मी पाहुण्यांना हे ऐटीत समजावून सांगायचे. त्या शनिवारी दुपारी दिव्याभोवतीच्या नळ्या काढताना ते माझ्या डोक्यात आलं, आणि मग मी माझ्या हाताकडे बघितलं.

हातात फडकं होतं. पाच वर्षं मी त्या नळ्या फडक्यानं धरून काढत होते. चटका बसतो म्हणून.

भिंतीवर थर्मामीटर होता. गौतमी रोज सकाळी तो बघून वहीच्या कोपऱ्यात आकडा लिहायची, खोलीचं तापमान तेहेतीस. पण थर्मामीटर भिंतीवर होता, आणि नळ्या पाचशे वॅटच्या दिव्यापासून वीतभर. मी एका रिकाम्या नळीत साधं पाणी भरलं, लॅबमधला दुसरा थर्मामीटर त्यात सोडला आणि ती दिव्यापाशी नळ्यांच्याच जागी उभी केली. तासाभरानं वाचला. अठ्ठावन्न.

सोमवारी गौतमी दिवसभर घैसास सरांकडे प्रकरणं तपासून घेत बसणार होती. मी सकाळी दोन नळ्या भरल्या, तिच्याच बाटल्यांतून, तिच्याच मापानं. दोन्हींना फॉइल लावलं. एक नेहमीसारखी कपाटात ठेवली. दुसरी मी माझ्या चहाच्या थर्मासमध्ये उभी केली, त्यात अठ्ठावन्न अंशांचं पाणी ओतलं आणि झाकण फिरवलं. थर्मासच्या आत काय अंधार असतो ते सांगायला नको. भुकटी तळाशी बसू नये म्हणून दर दहा मिनिटांनी थर्मास हलवायचा, आणि कपाटातली नळीही तशीच हलवून घ्यायची. ऑफिसातले सदामते क्लार्क दोनदा आत डोकावले. दुसऱ्यांदा म्हणाले, झांबरेबाई, एकट्याच पिताय, विचारतही नाही. म्हटलं, तुम्हाला सोसायचा नाही.

बाराला झाकण उघडलं.

कपाटातली पिवळी होती. थर्मासमधली पाणी.

मला काय आनंद झाला ते सांगते, कारण नंतर त्याची लाजच वाटली. फॉइल चांगलं होतं. माझा हात चांगला होता. मी निष्काळजी नव्हते. दोन्ही नळ्या मी स्टँडवर शेजारी शेजारी लावल्या, दर्शनी, दारातून शिरल्या शिरल्या दिसतील अशा, आणि वाट बघत बसले.

गौतमी दोनच्या सुमारास आली. सरांनी शेवटचं प्रकरण पास केलं होतं. खूप दिवसांनी ती हसत होती. मी तिला सगळं सांगितलं, अगदी पहिल्यापासून, बेदाण्यासकट. थर्मास उघडून दाखवला. पाण्यात बोट घालायला लावलं. ती ऐकत होती, आणि तिचं हसू चेहऱ्यावरून कुठे गेलं ते मला दिसलंच नाही, कारण मी माझ्याच बोलण्यात होते.

"म्हणजे फॉइलचा दोष नव्हताच," मी शेवट केला.

ती म्हणाली, "झाकण मध्ये उघडलं होतं?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही गं."

तिनं ओढणी खांद्यावर बांधली, स्वतः नळ्या घेतल्या, स्वतः धुतल्या, माझ्या हातचं काही घेतलं नाही. स्वतः भरल्या, फॉइल लावलं, थर्मासमधलं पाणी बदललं. तीन तास ती स्टुलावर बसून थर्मास हलवत राहिली. मी दुसऱ्या स्टुलावर. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. अंधारातली नळी पिवळी राहिली, म्हणजे काम उजेडाचं. पिवळी नाही, म्हणजे काम उजेडाचं नव्हतंच, गरम होण्याचं होतं. दिव्याऐवजी स्टोव्ह लावला असता तरी चाललं असतं. मी माझं नाव धुऊन घेतलं होतं, आणि त्या धुण्यात तिचा प्रबंध वाहून चालला होता.

सव्वापाचला तिनं उघडलं. पाणी.

ती रडेल म्हणून मी तयारीत होते. ती रडली नाही. कपाटावरून जुन्या वह्या काढल्या, सगळ्यात खालची, पाच वर्षांपूर्वीची. पानं उलटत गेली. बोट एका ठिकाणी थांबलं.

"हे बघा. सुरुवातीचे नऊ दिवस. तेव्हाही अंधारातल्या नळीचा रंग जात होता. मी लिहिलंय, फॉइल गळतंय, बदलावं." तिनं पुढचं पान उलटलं. "चौदा ऑगस्टपासून व्यवस्थित. त्यानंतर एकदाही नाही. चौदा ऑगस्टला काय बदललं, मावशी?"

मला लगेच आठवलं. विसरले असते तर किती बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी झेंडावंदन होतं, प्राचार्य सगळ्या विभागांतून फेरी मारणार होते, म्हणून मी टेबलं आवरली होती. फॉइल संपत आलं होतं आणि मागणीपत्रक महिनाभर ऑफिसात पडून होतं. एवढासा अंधार करायला रोज एवढं फॉइल कशाला नासायचं, असं माझ्या मनात आलं. कपाटात काय कमी अंधार आहे? मी सहावी नळी उचलून कपाटात ठेवली. दुपारी ती पिवळी निघाली. गौतमी नाचली होती. मला मिठी मारली होती. मावशी, तुमचा पायगुण, म्हणाली होती. आणि नळी कायमची कपाटात गेली.

"मी बदललं," मी म्हटलं. "नळी कपाटात मी ठेवली. फॉइल वाचावं म्हणून."

तिनं वही मिटली. रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची गाणी लांबपर्यंत ऐकू येत होती. कपाट थंड असतं हे पाच वर्षांत कुणाच्याच लक्षात आलं नाही, असं काहीतरी ती पुटपुटली, पण माझ्याशी नाही.

तिथे आम्ही दोघीच होतो. सरांनी आलेख पास केला होता. आठ दिवस राहिले होते. थर्मास विसळून टाकला असता तर तो पुन्हा चहाचा थर्मास झाला असता. हे मी तिला म्हणाले. अगदी असंच म्हणाले. मी काही सत्यासाठी उठले नव्हते, मला कुणीतरी निष्काळजी म्हटलं म्हणून उठले होते. आता ते फिटलं होतं, आणि ही पोर समोर बसली होती.

"विसळू नका," ती म्हणाली. "सरांना दाखवायचाय. सकाळी दहाला. तुम्हीही चला."

घैसास सर म्हणजे आवाज न चढवणारा माणूस. त्यांच्या केबिनमध्ये मी इतकी वर्षं फक्त पाण्याचा तांब्या घेऊन गेले होते. त्या दिवशी थर्मास घेऊन गेले, आणि बस कुणी म्हणालं नाही म्हणून भिंतीला टेकून उभी राहिले. गौतमीनं सगळं सांगितलं. वह्या उघडून दाखवल्या. माझं नाव तिनं घेतलं नाही, थर्मासचं बोलताना फक्त 'आम्ही' म्हणाली. सरांनी अठ्ठावन्न हा आकडा दोनदा विचारला. मग कितीतरी वेळ ते टेबलावरची काच पुसत बसले, हातरुमालानं, एकाच जागी.

"ही नळी दिव्याजवळून कपाटात हलवायचं," ते शेवटी म्हणाले, "कुणाच्या डोक्यातून निघालं?"

त्यांची नजर वर आली आणि माझ्यावर थांबली. त्यात राग नव्हता. ती नुसती थांबली, जशी दारावर थांबते. मी तोंड उघडलं. सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते.

"माझ्या, सर," गौतमी म्हणाली. "मी ठरवलं होतं."

सर तिच्याकडे वळले.

"प्रबंध आता देता येणार नाही," ती म्हणाली. "मी पुन्हा नोंदणी करते."

मी तोंड मिटलं.

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी तिचा हात धरला. म्हटलं, अगं, मी सांगणार होते. मी केलेलं ते.

तिनं हात सोडवला नाही, पण थांबलीही नाही. "तुम्ही काय सांगणार, मावशी? प्रयोग माझा होता," ती म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

पुढची दोन वर्षं ती पुन्हा आमच्याच लॅबमध्ये होती. नळ्यांभोवती थंड पाणी खेळवायची सोय केली, प्रत्येक नळीत वेगळा थर्मामीटर. उजेडाचा वाटा निघाला, पण फार थोडा. शंभरात नऊ. तिनं तो तेवढाच लिहिला. आता ती सोलापूरला शिकवते. दिवाळीला फोन येतो. गुडघ्यांची चौकशी होते, माझ्या पोराच्या नोकरीची होते, आणि त्या दिवसाबद्दल आम्ही दोघीही अवाक्षर काढत नाही.

तिनं तेव्हा मला वाचवलं, असं कधी वाटतं. परिचराचा हात संशोधनाला लागला हे कळलं असतं तर सरांनी मला पुन्हा नळीजवळ येऊ दिलं नसतं. आणि कधी वाटतं, वाचवायचं तिच्या मनातही नसेल. माझा हात त्यात होता हे तिला मोजावंसंच वाटलं नसेल, जसं ऊन मोजताना कुणी भिंत मोजत नाही.

विचारावं असं दर दिवाळीला ठरवते. फोन ठेवल्यावर लक्षात येतं की राहिलंच. पाच वर्षं त्या खोलीत मी केलेलं एकच काम असं होतं ज्यानं काहीतरी बदललं. ती चूक होती. आणि तीसुद्धा माझ्या नावावर नाही.